इंग्रजीतील क्रियाव्याप्तिदर्शक क्रियापदांच्या अर्थच्छटा : ॲलिस फ्रीड यांच्या उपपत्तीची चिकित्सा

१. प्रस्तावना

क्रिया केव्हा घडली एवढेच सांगून भाषेचे काम संपत नाही. ती नुकतीच सुरू झाली, चालू आहे, मध्येच खंडित झाली की तडीस गेली, हेही भाषेला सांगावे लागते. पहिल्या गोष्टीला व्याकरणात ‘काळ’ म्हणतात. दुसरीला इंग्रजीत ‘ॲस्पेक्ट’ ही संज्ञा असून मराठीत तिच्यासाठी ‘क्रियाव्याप्ती’ हा शब्द वापरला जातो. इंग्रजीत क्रियाव्याप्ती दोन मार्गांनी व्यक्त होते. पहिला मार्ग क्रियापदाच्या रूपांचा आहे. अपूर्ण आणि पूर्ण रूपे त्यात येतात व शालेय व्याकरणांत त्यांची सविस्तर चर्चा आढळते. दुसरा मार्ग स्वतंत्र क्रियापदांचा आहे. ‘बिगिन’, ‘स्टार्ट’, ‘कंटिन्यू’, ‘कीप’, ‘रिझ्यूम’, ‘स्टॉप’, ‘क्विट’, ‘सीझ’, ‘फिनिश’, ‘एंड’ आणि ‘कम्प्लीट’ ही क्रियापदे स्वतः कोणतीही क्रिया सांगत नाहीत. दुसऱ्या क्रियेचा कोणता टप्पा वक्त्याच्या दृष्टीसमोर आहे, एवढेच ती सांगतात.

या क्रियापदांना सर्वसाधारणपणे समानार्थी मानले जाते. शब्दकोशांत ‘बिगिन’चा अर्थ ‘स्टार्ट’ आणि ‘स्टार्ट’चा अर्थ ‘बिगिन’ असा दिलेला आढळतो. वस्तुतः यांपैकी कोणतीही दोन क्रियापदे सर्व ठिकाणी परस्परांची जागा घेऊ शकत नाहीत. या भेदांचा पद्धतशीर विचार करणाऱ्या अभ्यासकांत ॲलिस फ्रीड यांचे स्थान महत्त्वाचे आहे. ‘द सिमॅंटिक्स ऑफ इंग्लिश ॲस्पेक्च्युअल कॉम्प्लिमेंटेशन’ हा त्यांचा ग्रंथ १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रस्तुत लेखात त्यांच्या उपपत्तीची चिकित्सा केली असून, तिच्यातील कोणता भाग टिकाऊ आहे व कोणता पुनर्विचारास पात्र आहे, हे मराठीच्या तुलनेतून तपासले आहे.

२. पूर्वपीठिका

या चर्चेची पायाभरणी झेनो व्हेंडलर यांच्या १९५७ मधील ‘व्हर्ब्ज अँड टाइम्स’ या निबंधाने केली. व्हेंडलर यांनी क्रियापदांचे चार वर्ग कल्पिले. माहीत असणे, आवडणे यांसारख्या स्थिती; धावणे, पोहणे यांसारख्या नियत शेवट नसलेल्या कृती; चित्र काढणे, पत्र लिहिणे यांसारख्या शेवटाकडे जाणाऱ्या सिद्धी; आणि पोहोचणे, सापडणे यांसारख्या क्षणात घडणाऱ्या प्राप्ती, असे ते वर्ग होत. क्रियाव्याप्तिदर्शक क्रियापद कोणत्या वर्गाशी जुळते, यावरून त्या वर्गाचीही परीक्षा होते. चित्र काढणे ‘फिनिश’ करता येते. शिखरावर पोहोचणे ‘फिनिश’ करता येत नाही.

१९७० मध्ये डेव्हिड पर्लमटर यांनी ‘बिगिन’ हे एकच क्रियापद वाक्यरचनेच्या दृष्टीने दोन आहेत, असे प्रतिपादन केले. ‘इट बिगॅन टु रेन’ या वाक्यात सुरुवात करणारा कोणीच नाही. पाऊस पडणे ही घटना सुरू झाली, एवढाच अर्थ आहे. याउलट एखाद्याने जाणीवपूर्वक कामाला सुरुवात केली असे सांगताना ‘बिगिन’ला कर्ता असतो आणि त्या कर्त्याचा हेतूही असतो. फ्रेडरिक न्यूमेयर यांचा ‘इंग्लिश ॲस्पेक्च्युअल व्हर्ब्ज’ हा ग्रंथ १९७५ मध्ये आला. पर्लमटर व न्यूमेयर यांच्या विवेचनाचा भर वाक्यरचनेवर होता. ही क्रियापदे परस्परांहून अर्थाने कशी वेगळी आहेत, हा प्रश्न मध्यवर्ती करण्याचे श्रेय फ्रीड यांना द्यावे लागते.

३. फ्रीड यांची मांडणी

फ्रीड यांच्या मते प्रत्येक घटनेला अंतर्गत रचना असते. तिचे तीन खंड त्यांनी कल्पिले : ‘ऑनसेट’, ‘न्यूक्लिअस’ आणि ‘कोडा’. प्रस्तुत लेखात त्यांना अनुक्रमे पूर्वखंड, गाभा आणि समापनखंड असे म्हटले आहे. पूर्वखंड म्हणजे मुख्य क्रिया घडण्यापूर्वीची, तिच्याकडे नेणारी हालचाल. गाभा म्हणजे मुख्य क्रिया. समापनखंड म्हणजे क्रियेला निश्चित शेवटाकडे नेणारा अखेरचा भाग.

या आराखड्यात ‘स्टार्ट’ पूर्वखंडाकडे निर्देश करते, तर ‘बिगिन’ गाभ्याच्या पहिल्या अंशाकडे. यातून एक ठळक भेद निष्पन्न होतो. एखाद्याला शिंक येऊ घातली, नाक आक्रसले, श्वास आत ओढला गेला आणि तेवढ्यात शिंक विरून गेली, असा प्रसंग घ्यावा. येथे इंग्रजी भाषक ‘ही स्टार्टेड टु स्नीझ’ असे सहज म्हणू शकतो. त्याच प्रसंगी ‘ही बिगॅन टु स्नीझ’ म्हटले, तर निदान एक शिंक येऊन गेली असा ग्रह होतो. याच पद्धतीने ‘फिनिश’ समापनखंडाशी जोडले जाते आणि ‘स्टॉप’, ‘क्विट’, ‘सीझ’ ही क्रियापदे गाभा खंडित झाल्याचे सांगतात.

खंडांच्या जोडीने फ्रीड यांनी आणखी एक साधन वापरले आहे. प्रत्येक क्रियापद कोणती गोष्ट आधीच घडलेली मानते आणि त्याच्या वापरातून कोणती गोष्ट निश्चितपणे निष्पन्न होते, हे त्यांनी पाहिले आहे. यांतील पहिल्या गोष्टीला येथे ‘पूर्वगृहीत’ व दुसरीला ‘फलित’ म्हटले आहे. या ग्रंथाच्या संदर्भात तीन खंडांचा आराखडाच प्रामुख्याने उद्धृत केला जातो. पूर्वगृहीताचे साधन त्या मानाने मागे राहते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, या दोहोंपैकी अधिक भरवशाचे साधन दुसरे आहे.

४. खंडविचाराच्या मर्यादा

‘स्टार्ट’ आणि ‘बिगिन’ यांच्यातील भेद हे खंडविचाराचे सर्वांत आकर्षक उदाहरण आहे. तथापि बारकाईने पाहिल्यास तेच त्याचे दुर्बल स्थानही ठरते. शिंकेला जाणवण्याजोगी पूर्वतयारी असते, म्हणून हे उदाहरण पटते. पाऊस, वाचन, झोप या घटनांना तशी पूर्वतयारी भाषेत वेगळी दाखवता येत नाही. ‘इट स्टार्टेड टु रेन’ असे म्हणून लगेच ‘पण पाऊस पडलाच नाही’ असे म्हणता येत नाही. पूर्वखंड हा ‘स्टार्ट’च्या अर्थाचा स्थायी भाग असता, तर तो प्रत्येक क्रियेबाबत प्रत्ययास यावयास हवा होता. तो काही क्रियांपुरताच येतो. म्हणजे तो मुख्यतः त्या क्रियांच्या स्वरूपातून येतो.

दुसरा आक्षेप याहून महत्त्वाचा आहे. ‘स्टार्टेड टु स्नीझ’ या रचनेत शिंक न येण्याला वाव आहे. पण ‘स्टार्टेड स्नीझिंग’ म्हटले की शिंका आल्याच. दोन्ही ठिकाणी क्रियापद एकच आहे. भेद आहे तो पुढे येणाऱ्या रूपाचा. क्वर्क, ग्रीनबॉम, लीच आणि स्वार्टविक यांच्या १९८५ मधील बृहद् व्याकरणात ‘टु’युक्त रूपाकडे संभाव्यतेचा आणि ‘इंग’युक्त रूपाकडे प्रत्यक्ष घडण्याचा कल असल्याचे दाखवले आहे. पूरक रूपांच्या अर्थाचा विचार फ्रीड यांनीही केला आहे व ग्रंथाच्या नावातच त्याचा निर्देश आहे. परंतु शिंकेच्या उदाहरणातील भेदाचे श्रेय केवळ ‘स्टार्ट’ला देता येत नाही. क्रियापद, पूरक रूप आणि क्रियेचा वर्ग या तिहींच्या संयोगातून तो अर्थ निर्माण होतो.

तिसरी मर्यादा प्रयोगक्षेत्राची आहे. ‘स्टार्ट’ संभाषणात अधिक आणि ‘बिगिन’ लेखनात, विशेषतः कथनपर गद्यात, अधिक आढळते. ‘कमेन्स’ आणि ‘सीझ’ यांना औपचारिकतेचा, कायद्याच्या भाषेचा वास आहे. ‘क्विट’ला, विशेषतः अमेरिकी बोलीत, अनौपचारिकतेचा रंग आहे. अशा ठिकाणी शब्दाची निवड प्रसंगानुसार होते. घटनेच्या खंडांशी तिचा संबंध नसतो. शब्दांच्या इतिहासातही याचे काही धागे सापडतात. ‘स्टार्ट’चा जुना अर्थ उडी मारणे, दचकणे असा होता व ‘स्टार्टल’ या शब्दात तो आजही शिल्लक आहे. सुरुवात करणे हा अर्थ त्याला पुष्कळ उशिरा आला. गती देण्याचा, हलवण्याचा भाव त्यात टिकून असल्यामुळे यंत्र ‘स्टार्ट’ करता येते, ‘बिगिन’ करता येत नाही. कारणाचा हा अंश फ्रीड यांच्या लक्षात आला होता. पण तो काळाच्या तुकड्यांत बसवता येत नाही, हेही मान्य करावयास हवे.

५. पूर्वगृहीताच्या साधनाचे सामर्थ्य

पूर्वगृहीताचे वैशिष्ट्य असे की, वाक्य नकारार्थी केले तरी ते अबाधित राहते. एखाद्याने धूम्रपान ‘स्टॉप’ केले असे म्हटले काय किंवा केले नाही असे म्हटले काय, तो पूर्वी धूम्रपान करीत होता ही गोष्ट दोन्ही वाक्यांत गृहीत धरलेली आहे. ‘तुम्ही पत्नीला मारहाण करणे थांबवले आहे का?’ हा तर्कशास्त्राच्या विवेचनांतील प्रसिद्ध प्रश्न याच गुणधर्मावर उभा आहे. उत्तर होकारार्थी असो वा नकारार्थी, मारहाणीची कबुली त्यात येतेच. उलटतपासणीत साक्षीदाराला अशा प्रश्नाचे उत्तर केवळ ‘होय’ किंवा ‘नाही’ असे द्यावयास लावले, तर एका क्रियापदाच्या अर्थावर त्याची अब्रू अवलंबून राहते. या क्रियापदांचा अभ्यास केवळ पांडित्याचा विषय नाही, हे यावरून ध्यानात यावे.

या कसोटीवर उर्वरित क्रियापदे सुस्पष्टपणे वेगळी होतात. ‘कंटिन्यू’ क्रिया आधीपासून चालू असल्याचे गृहीत धरते. ‘रिझ्यूम’ दोन गोष्टी गृहीत धरते : क्रिया पूर्वी चालू होती आणि मध्यंतरी खंडित झाली होती. ‘कीप’ मात्र असे काहीच मागत नाही. सभेत एखादा गृहस्थ पुनःपुन्हा मध्ये बोलत होता हे पहिल्यांदाच सांगताना ‘ही केप्ट इंटरप्टिंग’ हे वाक्य पुरते. त्याऐवजी ‘ही कंटिन्यूड टु इंटरप्ट’ म्हटले, तर ऐकणारा ‘म्हणजे आधीही बोलत होता?’ असे विचारील. मराठी भाषक विद्यार्थ्याला ही दोन्ही क्रियापदे ‘चालू ठेवणे’ या एकाच अर्थाने शिकवली जातात व हा भेद तेथेच हरवतो.

शेवट सांगणाऱ्या क्रियापदांत ‘स्टॉप’ आणि ‘फिनिश’ यांचा भेद मूलभूत आहे. दोन्ही क्रियापदे क्रिया चालू असल्याचे गृहीत धरतात. परंतु ‘फिनिश’ त्याहून अधिक, म्हणजे त्या क्रियेला नियत शेवट असल्याचे, गृहीत धरते आणि तो शेवट गाठला गेल्याचे सांगते. कादंबरी वाचणे ‘स्टॉप’ केलेल्याने ती पूर्ण वाचली, असे निष्पन्न होत नाही. डॉक्टरांच्या सूचनेत हा भेद प्रत्यक्ष परिणाम घडवतो. गोळ्या ‘स्टॉप’ करा म्हणजे उरलेल्या घेऊ नका. गोळ्या ‘फिनिश’ करा म्हणजे दिलेल्या सर्व घ्या. दोन्ही सूचनांचा शेवट एकच, की गोळ्या घेणे संपते. परंतु रुग्णाने करावयाची गोष्ट अगदी विरुद्ध आहे.

‘कम्प्लीट’ आणि ‘फिनिश’ यांच्यात आणखी बारीक भेद आहे. ‘कम्प्लीट’ नामच घेते, ‘इंग’युक्त रूप घेत नाही, आणि सर्व भाग भरून आले आहेत या गोष्टीवर भर देते. म्हणून अर्ज ‘कम्प्लीट’ होतो, पण सूप ‘फिनिश’ होते. ‘एंड’ही क्रियारूप घेत नाही. संभाषण ‘फिनिश’ झाले म्हणजे सांगावयाचे ते सांगून झाले. संभाषण ‘एंड’ केले म्हणजे ते तेथे संपवले, सांगावयाचे उरले असो वा नसो.

६. मराठीच्या कसोटीवर

एखादी अर्थविषयक उपपत्ती एका भाषेपुरती आहे की तिला व्यापक आधार आहे, हे दुसऱ्या भाषेशी ताडून पाहता येते. मराठी येथे उपयुक्त ठरते, कारण ती क्रियाव्याप्ती सर्वस्वी वेगळ्या साधनांनी, मुख्यतः संयुक्त क्रियापदांनी व कृदन्तांनी, व्यक्त करते.

प्रथम सुरुवातीची क्रियापदे घ्यावीत. मराठीत ‘तो पत्र लिहू लागला’ आणि ‘त्याने पत्र लिहायला सुरुवात केली’ अशा दोन रचना आहेत. ‘लागणे’ सचेतन कर्त्याबरोबर येते आणि पावसाबरोबरही येते : ‘पाऊस पडू लागला’. ‘सुरुवात करणे’ मात्र स्वाभाविकपणे हेतू असलेला कर्ता मागते. ‘पावसाने पडायला सुरुवात केली’ या वाक्यात पावसावर मनुष्यधर्माचा आरोप झाल्यासारखा वाटतो. पर्लमटर यांनी ‘बिगिन’च्या पोटात जे दोन प्रकार शोधले, त्यांतील हेतुयुक्त प्रकारासाठी मराठीजवळ अशी स्वतंत्र रचना आहे. ‘स्टार्ट’ आणि ‘बिगिन’ यांचा भेद मात्र मराठीतील कोणत्याही दोन क्रियापदांत जसाच्या तसा सापडत नाही. हुकलेल्या शिंकेसाठी मराठी भाषक ‘शिंकता शिंकता राहिला’ असे म्हणेल, जसे तो ‘पडता पडता वाचला’ असे म्हणतो. पूर्वखंडापर्यंत येऊन थांबण्याची कल्पना मराठीला अपरिचित नाही. ती मराठीने सुरुवातदर्शक क्रियापदाकडे न सोपवता कृदन्ताच्या द्विरुक्तीकडे सोपवली आहे. खंड सांगण्याचे काम संपूर्ण रचना करते, या चौथ्या भागातील प्रतिपादनाला यातून दुजोरा मिळतो.

पूर्वगृहीताचे भेद मात्र मराठीत ठळकपणे उमटतात. ‘कीप’साठी ‘बोलत राहणे’, ‘कंटिन्यू’साठी ‘बोलणे पुढे चालू ठेवणे’, ‘रिझ्यूम’साठी ‘पुन्हा सुरू करणे’, ‘स्टॉप’साठी ‘थांबणे’, ‘क्विट’साठी बहुधा ‘सोडणे’ आणि ‘फिनिश’साठी ‘वाचून संपवणे’ अशा रचना उपलब्ध आहेत. ‘भाजी संपवली’ व ‘अर्ज पूर्ण केला’ ही वाक्ये स्वाभाविक आहेत. ‘अर्ज संपवला’ म्हटले तर ते कानाला खटकते. ‘फिनिश’ आणि ‘कम्प्लीट’ यांची विभागणी येथे जवळजवळ तशीच आढळते. व्हेंडलर यांच्या वर्गांबाबतही हेच दिसते. ‘पाहुणे येऊ लागले’ हे वाक्य योग्य आहे, कारण अनेकांच्या येण्याची मालिका सुरू झाली. एकट्या माणसाबद्दल ‘तो स्टेशनवर पोहोचू लागला’ असे म्हणता येत नाही, जसे इंग्रजीतही म्हणता येत नाही.

सर्वांत बोलके साम्य ‘स्टॉप’च्या दोन रचनांत आहे. पाणी पिण्यासाठी थांबणे आणि पाणी पिणे थांबवणे, हा ‘स्टॉप टु ड्रिंक’ व ‘स्टॉप ड्रिंकिंग’ यांतील भेद विद्यार्थ्यांना दुर्घट वाटतो. मराठीत ‘तो बोलायला थांबला’ आणि ‘तो बोलायचा थांबला’ या दोन वाक्यांत नेमका हाच भेद आहे व तो लहान मुलालाही कळतो. पहिल्या वाक्यात बोलणे अजून व्हावयाचे आहे. दुसऱ्यात ते होऊन संपले आहे.

काही ठिकाणी मराठी इंग्रजीच्या पुढे जाते, हेही नोंदवावयास हवे. ‘पत्र लिहून टाकले’ या वाक्यात क्रिया पूर्ण झाल्याचे तर कळतेच, शिवाय एक काम एकदाचे हातावेगळे केल्याचा वक्त्याचा भावही कळतो. ‘फिनिश’ला हा भाव सांगता येत नाही. म्हणून दोन भाषांतील क्रियापदांच्या याद्या समोरासमोर मांडून काम भागत नाही. कोणती भाषा कोणता अर्थ कोठे ठेवते, हे पाहावे लागते.

७. अध्यापन आणि कोशरचना

मोल्सवर्थ यांनी आरंभलेला व कँडी यांनी पूर्ण केलेला इंग्रजी–मराठी कोश १८४७ मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हापासून इंग्रजी शब्दापुढे मराठी प्रतिशब्द ठेवण्याची परंपरा महाराष्ट्रात रुजली. नामांच्या बाबतीत ही पद्धत पुष्कळ अंशी यशस्वी ठरते. क्रियाव्याप्तिदर्शक क्रियापदांच्या बाबतीत ती अपुरी पडते, कारण यांचा अर्थ ‘सुरू करणे’, ‘चालू ठेवणे’, ‘थांबवणे’ अशा एकेका प्रतिशब्दात मावत नाही. कोशातील नोंदीत प्रतिशब्दाबरोबर तीन गोष्टी असाव्यात : क्रियापद काय गृहीत धरते, त्यातून काय निष्पन्न होते आणि त्याला कोणते पूरक रूप चालते. ‘रिझ्यूम’पुढे ‘खंडित झालेली क्रिया पुन्हा सुरू करणे’ एवढे लिहिले, तरी पहिली अपेक्षा पूर्ण होते.

वर्गातही हाच क्रम उपयोगी पडेल. ‘बिगिन’ आणि ‘स्टार्ट’ यांच्या विवादास्पद भेदावर वेळ खर्च करण्यापेक्षा ‘कीप–कंटिन्यू–रिझ्यूम’ आणि ‘स्टॉप–फिनिश–कम्प्लीट’ या निश्चित भेदांपासून आरंभ करावा. त्यासाठी ‘बोलायला थांबला’ व ‘बोलायचा थांबला’ यांसारखी विद्यार्थ्याच्या मातृभाषेतील वाक्ये हाताशी घ्यावीत. मातृभाषेच्या प्रभावाकडे चुकांचे मूळ म्हणून पाहण्याची सवय इंग्रजीच्या अध्यापनात पुष्कळ काळ राहिली. प्रस्तुत विषयात तरी मातृभाषा अडथळा नसून वापरात न आणलेले साधन आहे.

८. निष्कर्ष

इंग्रजीतील क्रियाव्याप्तिदर्शक क्रियापदे समानार्थी नाहीत, ही फ्रीड यांची मूळ भूमिका आजही मान्य करावी लागते. घटनेचे तीन खंड कल्पिणारा त्यांचा आराखडा सूचक आहे. परंतु तो एकेका क्रियापदाच्या माथी कायमचा मारता येत नाही. खंडाचा अर्थ क्रियेचा वर्ग, पूरक रूप आणि क्रियापद यांच्या संयोगातून येतो. त्यांनीच वापरलेले पूर्वगृहीताचे व फलिताचे साधन अधिक काटेकोर आहे. नकाराच्या कसोटीवर ते तपासता येते, आणि इंग्रजीहून रचनेने भिन्न असलेल्या मराठीतही त्याने दाखवलेले भेद टिकतात. साक्षीदाराला विचारलेला प्रश्न असो, रुग्णाला दिलेली सूचना असो वा विद्यार्थ्याचे वाक्य असो, ऐकणाऱ्याने न बोलता काय मान्य केले हे या लहान क्रियापदांवरून ठरते. शब्दकोशाने आणि शिक्षकाने सर्वप्रथम तेच स्पष्ट करावयास हवे.